पगारेकाकांचा कापलेला आठवडा

नवं वर्ष लागलं की पगारेकाका भिंतीवरचं कोरं कॅलेंडर कात्रीने कापत. रागाने नाही. पट्टी लावून, जीभ दातांत धरून, अगदी बेतून कापत. कॅलेंडरच्या पानावर वारांच्या आडव्या ओळी असतात. त्यांतल्या सोमवार ते गुरुवार या चार ओळींची एक पट्टी व्हायची, शुक्रवार-शनिवारची दुसरी. रविवार बिचारा पानाच्या वरच्या टोकाला एकटा असतो, त्याला उचलून खळीने शनिवारच्या खाली चिकटवलं जाई. चार वारांची पट्टी दारामागे, जिथे त्यांचा कामावरचा खाकी शर्ट लटकायचा तिथे. तीन वारांची आतल्या खोलीत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पानामागे छापलेल्या पाककृतीचे या भानगडीत दोन तुकडे होत. त्यामुळे पगारेंच्या घरी रव्याच्या लाडवांचं साहित्य एका भिंतीवर आणि कृती दुसऱ्या भिंतीवर असे.

"आठवडा सात दिवसांचा असं ज्याने ठरवलं ना, त्याला घरी लहान पोरं नव्हती," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मी तेव्हा इगतपुरीहून नाशकात आत्याकडे कॉलेजसाठी नुकतीच आले होते. वडील रेल्वेत गँगमन. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे शहरातली माणसं जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यायची मला सवय होती. हे वाक्यही मी उतरवलं. पुढे दीड वर्ष पस्तावले.

नव्या नाशकात बैठ्या घरांच्या ओळीत आत्याचं आणि पगारेंचं घर भिंतीला भिंत लावून होतं. पगारेकाका अंबडच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा मशीनखाली ठेवायचा, पायाने पट्टी दाबायची, धाडकन पत्र्याची वाटी होऊन बाहेर. दिवसभर हेच केल्यामुळे जगातली कोणतीही वस्तू दाबून हव्या त्या आकारात बसवता येते अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. "दाबलं की बसतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. पोतं, उशीची खोळ, शाळेचं दप्तर, पाच पोरं एका खाटेवर, सगळ्याला एकच उत्तर. एकदा मी विचारलं, अर्थशास्त्राचे दहा धडे तीन दिवसांत कसे होतील? ते म्हणाले, "दाबलं की बसतं." मी दाबले. बेचाळीस मार्क मिळाले.

तर याच तत्त्वावर त्यांनी आठवडाही दाबला होता. सहा दिवसांचं काम चार दिवसांत. सोमवार ते गुरुवार, सकाळी सात ते संध्याकाळी साडेसात. उरलेले तीन दिवस घरी, मुलांपाशी. मुलं दोन. मिलिंद सहा वर्षांचा, पहिलीत. सुजाता चार वर्षांची, बालवाडीत. आणि त्यांची आई शोभाताई धुळ्याला, नर्सिंगच्या दीड वर्षाच्या ट्रेनिंगला, हॉस्टेलवर.

आता नवऱ्याने बायकोला शिकायला पाठवावं आणि स्वतः पोरांच्या वेण्या घालाव्यात, हा देखावा आमच्या ओळीला काही रोज बघायला मिळत नव्हता. पानाच्या टपरीवरची मंडळी त्यांना "काय पगारेबाई, भाकरी झाल्या का?" असं विचारत. काका सायकलवरून न उतरता सांगत, "झाल्या. तुमच्या बायकोने पाठवलंय का मागायला?" नातेवाईकही मागे नव्हते. सासूबाई त्यांच्या पेठ गावाहून नागलीची पिशवी घेऊन वरचेवर येत आणि नातवंडांकडे अनाथाश्रमात आल्यासारखं बघत. "पोरांना मी नेते जावईबापू, पुरुषमाणसाच्यानं नाही व्हायचं हे." इकडे शोभाताईंनी जातानाच बजावलं होतं: मुलं पेठला गेली असं कळलं की मी त्याच दिवशी ट्रेनिंग सोडून घरी येईन. आणि तिकडे कारखान्याच्या मालकाने अट घातली होती: चार दिवस म्हणजे चार दिवस. त्यात एकदा जरी मशीन सोडून गेलास, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसारखं सहा दिवस यायचं.

म्हणजे काकांनी एक दिवस चुकवला की मुलं पेठला, आणि मुलं पेठला की नर्सबाई परत चुलीपुढे. इतकं सरळ गणित होतं. मला तेव्हा ते कळलं होतं, पण मी त्याकडे फक्त गणित म्हणून पाहत होते.

चार दिवस मुलांना कोण सांभाळायचं? माझी आत्या. आत्याने हे दयेपोटी केलं असा गैरसमज नको. ती शुक्रवार, शनिवार, रविवार गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकायला जायची. तिचे यजमान ट्रकवर, घरी कधी असतील ते ट्रकलाच ठाऊक. तेव्हा सौदा असा होता: सोमवार ते गुरुवार पगारेंची दोन आत्याकडे, शुक्रवार ते रविवार आत्याची तीन पगारेंकडे. "लय भारी सौदा हाय," आत्या म्हणायची, "दोन देऊन तीन घेतो येडा."

शुक्रवारी सकाळी सहा वाजता काका ओट्यावर उभे राहून पत्र्याची शिट्टी वाजवत. "फर्स्ट शिफ्ट!" मग पाच पोरं उघड्या अंगाने रांगेत. एक जण साबण लावणार, एक पाणी ओतणार, एक पुसणार, आणि शेवटचा तेल. पाच पोरं अकरा मिनिटांत धुऊन बाहेर पडत. त्यांतलं एखादं दोनदा धुतलं जायचं आणि एखादं अजिबात नाही, पण आकडा बरोबर असायचा.

आंघोळीनंतर रागावणं. चार दिवस काका मुलांना जागेपणी पाहतच नसत. सकाळी सहाला निघताना झोपलेली मुलं आत्याच्या अंथरुणात आणून टाकायची, रात्री आठला झोपलेलीच खांद्यावर टाकून घरी न्यायची. त्यामुळे चार दिवसांचं बापपण शुक्रवारी दाबून बसवावं लागे. "मिलिंद, सोमवारी पाटी फोडली. का फोडली? परत नाही फोडायची. मंगळवारी आत्याला उलट बोललास. माफी माग. बुधवारी..." मिलिंदला सोमवारचा गुन्हा आठवत नसे, पण तो गंभीर चेहऱ्याने मान हलवी. दहा मिनिटांत राग संपायचा आणि लगेच लाड सुरू व्हायचे. तेही चार दिवसांचे एकदम. मग एकामागून एक चार गोष्टी, चार दिवसांच्या. तिसऱ्या गोष्टीपर्यंत पहिलीतला वाघ तिसरीतल्या म्हातारीच्या घरी जेवायला आलेला असे. पलीकडच्या खोलीत मी मागणी आणि पुरवठा वाचत असे आणि भिंतीतून वाघ येई.

एकदा बालवाडीच्या बाईंनी आठवड्याचे वार विचारले. सुजाताने हात वर करून ठणठणीत सांगितलं, "शुक्रवार, शनिवार, रविवार."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बाबा कंपनीत नेतात."

बाईंनी ही गंमत आत्याला सांगितली, आत्याने ओळीला सांगितली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. काकांनाही सांगितलं. ते हसले, पण जरा उशिरा.

आता कार्डांबद्दल सांगते. कारण माझा संबंध तिथे येतो, आणि खरं तर ते टाळून हे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

कारखान्यात हजेरीची कार्डं असत. काकांनी तशीच घरी काढली होती. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, सोमवार ते गुरुवार प्रत्येक मुलाचं रोज एक, तळहाताएवढं. वर नाव आणि वार. खाली सहा चौकोन: आंघोळ, दूध, शाळा, जेवण, भांडण, ताप. जे झालं त्या चौकोनात खिळ्याने भोक पाडायचं. आत्या म्हणाली, "मला अक्षर नाय कळत, ही शिकलेली हाय ना." झालं. कॉलेजात शिकायला आलेल्या मुलीच्या हाती एक खिळा आणि एक हातोडी आली. काका मला नावाने हाक मारत नसत, 'कॉलेज' म्हणत. "कॉलेज, भोक चौकोनातच पडलं पाहिजे हां. बाहेर पडलं तर कळत नाही दूध पिलं की भांडली."

आदल्या दिवशीची दोन कार्डं सकाळी खिशात घालून ते कामावर जात आणि रविवारी आठवड्याची आठही पाकिटात घालून धुळ्याला पोस्ट करत. शिस्तीचं वेड, असं मी मैत्रिणींना सांगत असे. माणूस घरातही टाइमकीपर ठेवतो, आणि तो टाइमकीपर मी!

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात माझा धीर संपला. मंगळवारी सकाळी अर्थशास्त्राचा पेपर होता. सोमवारी संध्याकाळी मी ठरवलं, आता आपणही दाबूया. चारही दिवसांची आठ कार्डं एकावर एक रचली, पाट्यावर ठेवली आणि सहा चौकोनांत सहा घाव घातले. मुलं गुरुवारपर्यंत न्हाली, जेवली, शाळेत गेली. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पाचवा चौकोन भांडणाचा आणि सहावा तापाचा होता, हे हातोडीला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पण मी तेव्हा मनात घटत्या उपयोगितेचा नियम म्हणत होते.

मंगळवारी पेपर देऊन मी घरी आले. साडेबाराच्या सुमाराला दाराशी सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला आणि काका आत आले. हात कोपरापर्यंत तेलाने काळे, शर्ट पाठीला चिकटलेला, मुठीत दोन कार्डं.

"ताप कधी आला?" ते एकदम म्हणाले. "दोघांनाही? रात्री उचलली तेव्हा अंग गरम लागलं होतं. मी म्हटलं झोपेचं असेल. गोळी दिली का? कॉलेज, बोल की!"

आत्या चुलीपासून ओरडली, "कसला ताप? आत्ता दोघांनी मिळून तीन भाकरी हाणल्या! मागं खेळत्यात."

काका मागच्या दाराने धावले. मागे, मोरीजवळच्या सावलीत, सुजाता शाळा-शाळा खेळत होती. आत्याच्या फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे तिने रांगेत बसवले होते. ती बाई. मिलिंद वर्गाचा मॉनिटर. तिने वर पाहिलं.

"बाबा, शुक्रवार झाला?"

"नाही गं. मंगळवार आहे."

"मंगळवारला पण तुम्ही असता?"

काका उकिडवे बसले आणि मनगटाची मागची बाजू आधी तिच्या, मग मिलिंदच्या कपाळाला लावली, कारण तेवढीच जागा तेलाची नव्हती. मग पुन्हा लावली. मग बाईंनी दटावलं, "हजेरी चालू आहे, खाली बसा." बांगड्यांच्या रांगेच्या शेवटी काका मांडी घालून बसले. हिरवी बांगडी हजर, लाल बांगडी हजर, सोनेरी बांगडी गावाला गेली.

"पगारे?"

"हजर, बाई," काका म्हणाले.

मी दारात उभी राहून हे बघत होते आणि मला रडू येत होतं. शेवटी मी सांगितलं. "काका, ताप मी पाडला." आणि उरलेली सहा कार्डं त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, शुक्रवारचा सगळा राग आज बाहेर पडेल. त्यांनी कार्डं उन्हाकडे धरून पाहिली. आठही पुठ्ठ्यांतून खिळा आरपार.

"सरळ मारलायस," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. प्रेसवर लावून घेतील." मग कार्डं माझ्या हातात देत म्हणाले, "पण रोजचं रोज पाड गं. जेवणाच्या सुट्टीत हीच दोन वाचतो मी. सोमवारी सुजी न्हाली, दूध पिली, कुणाशी तरी भांडली, एवढं कळलं की भाकरी खाली उतरते."

मी कार्डांची टिंगल कुणाकुणाकडे केली होती ती सगळी नावं मला त्या क्षणी आठवली.

इतक्यात त्यांनाही काहीतरी आठवलं. "किती वाजले?" एक वाजून गेला होता. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. आज त्यांनी कार्डं घंटेच्याही आधी काढून पाहिली होती आणि न विचारता, मशीन तसंच सोडून निघाले होते. त्यांचा चेहरा उतरला. "मालकाला काय सांगू? पोरं धडधाकट निघाली म्हणून उशीर झाला?"

"मी येते," मी म्हणाले. का म्हणाले ते मला अजून माहीत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नसे.

पगारेकाकांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून भर दुपारी मी अंबडला गेले. पानाच्या टपरीने तो दिवस सणासारखा साजरा केला. "आता कॉलेजला पण काखोटीला मारलं का?" या वेळी काकांनी उत्तर दिलं नाही. ते जोरात पेडल मारत होते आणि मी एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने आठ कार्डं, खिळा आणि हातोडी धरली होती. हातोडी कशाला घेतली होती ते विचारू नका. पुरावा म्हणून असावी.

मालक टेबलामागे बसून केळं खात होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे, मग हातोडीकडे.

"यांची चूक नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला परत म्हणावं लागलं. मग मी सगळं सांगितलं. परीक्षा, पाटा, सहा घाव. मुलं पेठला गेली तर शोभाताई ट्रेनिंग सोडतील हेही सांगितलं. मग विचारलं नव्हतं तरी माझे वडील गँगमन आहेत आणि मी घरात पहिलीच शिकतेय, हे कुठूनसं सांगून बसले. काका मान खाली घालून हातावरचं तेल हातालाच पुसत होते.

मालकांनी आठ कार्डं एकावर एक ठेवून जुळवली आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दोघा पोरांना चार दिवस एकाच खिळ्याने ताप आला."

"हो."

"कॉलेजात काय शिकता?"

"अर्थशास्त्र."

"देशाचं कठीण आहे." त्यांनी केळ्याची साल डब्यात टाकली. "पगारे, पाऊण तास झाला. तो संध्याकाळी भरून द्यायचा. मशीन सोडून गेलास असं मी पाहिलेलं नाही, मी केळं खात होतो. पण पुन्हा पाहीन. जा."

काका टेबलावरची कार्डं उचलून, खिशात घालून गेले. पत्र्याचा धाडधाड आवाज सुरू झाला. मी बाहेर आले, बसला पैसे आणले नव्हते म्हणून हातोडी घेऊन चालत घरी गेले.

त्यानंतर मी रोजचं रोज भोक पाडलं. काकांनी त्या मंगळवारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त एक गोष्ट मला खुपत राहिली. मंगळवार ते गुरुवारची खोटी सहा कार्डं फेकून आम्ही नवी केली, पण सोमवारची ती दोन त्यांनी परत दिली नाहीत. मला वाटलं, ठेवली असतील. माणूस शिस्तीचा, माझ्या चुकीचा कागद हातचा कशाला जाऊ देईल?

ट्रेनिंग पुरं करून शोभाताई एका शुक्रवारी परत आल्या. बरोबर एक पत्र्याची ट्रंक. ओळीतल्या सगळ्या बायका ट्रंक बघायला जमल्या, कारण धुळ्याहून काहीतरी आणलं असेल. आत दोन पांढऱ्या साड्या होत्या, एक थर्मामीटर होता, आणि बाकी सगळी कार्डं. प्रत्येक आठवड्याची वेगळी गड्डी, प्रत्येक गड्डीला बँडेजच्या पट्टीची गाठ. बायका निराश होऊन गेल्या.

"सगळी आहेत," शोभाताई मला म्हणाल्या. "रात्री ड्यूटीवरून आले की बोट फिरवायचे भोकांवरून. फक्त एक सोमवार नाही. यांनी कळवलं, उंदराने खाल्ला."

माझे कान तापले. मी सांगणार, इतक्यात काका उठले. दारामागच्या खाकी शर्टाच्या खिशाचं बटण काढून त्यांनी प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. आत दोन कार्डं. घामाने आणि तेलाने पुठ्ठा मऊ पडलेला, सहाही चौकोनांत भोक.

शोभाताईंनी सवयीने तापाचा चौकोन आधी पाहिला. "हे काय? दोघांना ताप होता? मला कळवलं नाही?"

"नव्हता," काका म्हणाले. "कॉलेजला विचार कधीतरी." मग कॅलेंडरच्या चार ओळींकडे बघत, "त्याच्यामुळे एक मंगळवार घरी आलो होतो मी. दीड वर्षात एकच. तेवढा एक ठेवला माझ्याकडे. बाकी सगळे तुला पाठवले."

शोभाताईंनी कार्डं पिशवीत घातली, पिशवी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.